दोन मार्कांचे हक्क

रत्नागिरीतील शाळांच्या सहली थिबा राजवाड्यावर जातात. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडाले येथे पदच्युत केले, १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले आणि १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच मरण पावला, एवढा वृत्तान्त मुलांच्या कानांवर घातला जातो. लाकडी छत पाहून होते, रंगीत काचा पाहून होतात, खाली दिसणारी खाडी पाहून होते आणि सहल परत फिरते. जी गोष्ट त्या वास्तूत उभे राहून प्रथम सांगावयास हवी, ती तेवढी राहून जाते. या माणसावर तीस वर्षांत एकाही न्यायालयात खटला चालला नाही. त्याच्यावर आरोपपत्र नव्हते, त्याच्या शिक्षेला मुदत नव्हती आणि त्याला अपिलाची सोय नव्हती. सरकारला तो मंडालेत नको होता, म्हणून तो रत्नागिरीत होता. याहून अधिक कारण देण्याची सरकारला गरज वाटली नाही.

थिबा रत्नागिरीत बंदिवान असतानाच, रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना त्याच सरकारने १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात पाठवले. टिळकांवरील राजद्रोहाचा खटला अन्यायाचा होता, पण तो खटला होता. नऊ ज्यूरी बसले होते, त्यांपैकी दोघांनी टिळक निर्दोष असल्याचे मत दिले, आणि आरोपीला न्यायालयापुढे आपली बाजू मांडता आली. थिबाला यांपैकी काहीच मिळाले नाही. पुढे १९२४ साली विनायक दामोदर सावरकर यांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही, या अटींवर सोडण्यात आले. पाच वर्षांची म्हणून घातलेली ही बंदी वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. सावरकरांच्या राजकारणाशी समाजवाद्यांचे कधी जमले नाही आणि जमणारही नाही. परंतु ज्या सरकारी हुकमाने माणसाची जीभ आणि पाय एकदमच बांधले जातात तो हुकूम, माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे पाहून चांगला किंवा वाईट ठरत नसतो.

नागरिकशास्त्राच्या सबंध पुस्तकात जे सापडणार नाही, ते या तीन माणसांच्या हकिगतींत आहे. खटला आणि मर्जी यांतील फरक तेथे आहे. शिक्षा आणि स्थानबद्धता यांतील फरक तेथे आहे. संचार, भाषण आणि संघटना यांचे स्वातंत्र्य काढून घेतले म्हणजे नेमके काय काढून घेतले जाते, हेही तेथे आहे. तरीही रत्नागिरीच्या मुलाला इतिहासाच्या तासाला राजवाडा मिळतो आणि नागरिकशास्त्राच्या तासाला कलमांची यादी मिळते. या दोहोंची गाठ पडू दिली जात नाही. ती का पडू दिली जात नाही, हाच खरा प्रश्न आहे.

बाराव्या वर्षी शिकलेला हक्क

महाराष्ट्रात मूलभूत हक्कांचे प्रकरण २०१७ साली सातवीच्या क्रमिक पुस्तकात दोन भागांत आले. ते पुस्तक वाईट होते असे म्हणता येणार नाही. भाषा सुबोध होती आणि हेतूही चांगला होता. परंतु सातवीतला मुलगा बारा वर्षांचा असतो. नववीला तो पोचला, की त्याच्या हाती परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे आली. दहावीला संविधानाची वाटचाल, निवडणुका, राजकीय पक्ष आणि चळवळी आल्या. जे वय प्रश्न विचारण्याचे, त्या वयात हक्कांचे प्रकरण मागे पडलेले असते आणि राज्यशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, थोडक्या मार्कांचा विषय झालेला असतो. मतदार होण्यास तीनच वर्षे उरलेल्या मुलामुलींना हक्क आठवतो तो ‘संकल्पना स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून. दोन मार्कांचा प्रश्न, चार ओळींचे उत्तर.

सरकारला हे पुरेसे वाटते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन सक्तीचे झाले. उद्देशिका वाचावी, पाठही करावी. त्यात गैर काही नाही. पण स्वातंत्र्य हा शब्द सक्तीने म्हणवून घेणाऱ्या शाळेत, स्वातंत्र्य कोणी कोणत्या कागदावर काढून घेतले आणि ते कोणी कसे परत मिळवले, हे सांगण्याची सक्ती कोणी केलेली नाही. प्रार्थना म्हटली म्हणजे ईश्वराचे ज्ञान झाले असे कोणी मानत नाही. संविधानाच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर समाधान मानले जाते.

यामुळे मुलांच्या मनात एक घातक समजूत पक्की होते. हक्क हे राज्याने दिले आहेत, ते पुस्तकात सुरक्षित आहेत, आणि ते एकदाच, १९७५ साली, इंदिरा गांधींच्या आणीबाणीत धोक्यात आले होते. आता तो काळ गेला. आणीबाणीचा निषेध समाजवाद्यांनी तुरुंगात जाऊन केला आहे आणि त्याचा विसर पडू देण्याचे काहीच कारण नाही. परंतु आणीबाणी २१ महिने टिकली. जो हुकूम पंधरवड्याला निघतो त्याचे काय?

पंधरवड्याची आणीबाणी

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे कलम ३७ रत्नागिरीच्या वृत्तपत्रवाचकाला परिचयाचे आहे. सण आहे, निवडणूक आहे, कोणाचे उपोषण आहे, कोठे मोर्चा निघणार आहे. तेव्हा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जिल्ह्यात मनाई आदेश. शस्त्रे बाळगण्यास मनाई, घोषणांना मनाई, पाच किंवा अधिक व्यक्तींनी परवानगीवाचून जमण्यास, सभा घेण्यास आणि मिरवणूक काढण्यास मनाई. राज्य सरकारच्या मंजुरीवाचून असा आदेश पंधरा दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही, असे कायदाच सांगतो. त्यावर शासनाने शोधलेला उपाय साधा आहे. पंधरा दिवस संपले की नवा आदेश काढावयाचा. अपवाद म्हणून ठेवलेले कलम अशा रीतीने नित्याचे झाले आहे, आणि ते इतके नित्याचे आहे की वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसेनासे झाले आहे.

संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने निःशस्त्र आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, तो मुलाने पाठ केलेला असतो. त्याच मुलाच्या गावात चावडीवर लागलेला कागद सांगतो की, जमावयाचे असेल तर विचारून जमा. हक्क आणि परवानगी हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत, एवढे जरी एका तासात शिकवले गेले तरी नागरिकशास्त्राचे सार्थक होईल.

याच कलम ३७ चा आधार घेऊन १९७५ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वकिलांच्या एका सभेला पोलीस आयुक्तांनी मनाई केली होती. सभा चार भिंतींच्या आत होती आणि तिचा विषय संविधानाखालील नागरी स्वातंत्र्य हाच होता. नरेंद्र नथवाणी यांनी त्या मनाईविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऐन आणीबाणीत न्यायालयाने ती मनाई रद्द केली. आणीबाणीत देखील जो हुकूम न्यायालयापुढे टिकला नाही, तसले हुकूम आणीबाणी नसताना पन्नास वर्षे बिनबोभाट निघत राहिले, याचे कारण कायद्यात शोधण्यापेक्षा नागरिकांच्या सवयीत शोधले पाहिजे. आणि सवयी शाळेत लागतात.

तीन सरकारे, एक कागद

या कागदाची किंमत रत्नागिरी जिल्ह्याने तीन वेळा मोजली आहे.

पहिली वेळ गुहागर तालुक्यातली. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला अंजनवेल-वेळदूर भागातील लोकांनी विरोध केला. १९९६-९७ मध्ये तेथे पुनःपुन्हा मनाई हुकूम निघाले, शेकडो लोकांना अटका झाल्या, बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना अडवण्यात आले. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेळदूरच्या कोळीवाड्यात शिरले आणि बायकांना घरांतून ओढून बाहेर काढण्यात आले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली या दडपशाहीवर अहवाल प्रसिद्ध केले. बंदोबस्तावरील सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, ही गोष्टही जगाने त्या दुसऱ्या अहवालातून वाचली. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधीचे अकरा दंडक घालून दिले ते डिसेंबर १९९६ मध्ये. दिल्लीहून वेळदूरपर्यंत यावयास त्यांना सहा महिने पुरले नाहीत.

दुसरी वेळ राजापूर तालुक्यातली. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांची जमीन घेण्यात आली, आणि २०१० पासून तेथेही तोच क्रम सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास यांच्यावर प्रवेशबंदीचा हुकूम बजावण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांना ताब्यात घेण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर संविधानाचा अर्थ लावला त्यांचीच ही गत, तर माडबनच्या शेतकऱ्याची काय कथा? १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण ठार झाला.

तिसरी वेळ त्याच तालुक्यात, बारसूच्या सड्यावर. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू व्हावयाचे होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदी लागू झाली आणि काही कार्यकर्त्यांना जिल्ह्यात येण्यास मज्जाव करण्यात आला. सरकारी गाड्या अडवण्यासाठी बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, त्यांना उचलून नेण्यात आले. २८ एप्रिलला लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली. त्याआधी, फेब्रुवारीत, या प्रकल्पासंबंधी लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

१९९७ साली राज्यावर शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांची युती होती. हेच लोक दोन वर्षांपूर्वी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करीत होते. २०११ साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे राज्य होते. २०२३ साली फुटलेली शिवसेना आणि भाजप यांचे होते. झेंडे बदलले, मंत्री बदलले, कंपन्या बदलल्या. कागद तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून कलम १४४ चे कलम १६३ झाले आणि संहितेला संस्कृत नाव मिळाले. तेवढ्याने हुकमाचा मजकूर पालटलेला नाही.

ज्या जिल्ह्यात परक्या सरकारने माणसे आणून डांबली, त्याच जिल्ह्यात स्वकीय सरकारने माणसांना येण्यास बंदी केली. या दोन वाक्यांमध्ये १९५० चे संविधान उभे आहे. मुलांना शिकवावयाचे ते हेच, की त्या संविधानाने नेमका काय फरक पाडला आणि काय फरक पाडावयाचा राहिला.

घरातला हिशेब

परंतु दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवणाऱ्याने स्वतःच्या ओटीवरही झाडू फिरवला पाहिजे. मूलभूत हक्कांच्या बाबतीत समाजवाद्यांची वहीही कोरी नाही, आणि त्या वहीची काही पाने याच मतदारसंघातली आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर संसदेचा तो अधिकार परत मिळवण्यासाठी लोकसभेत विधेयक आणले ते राजापूरचे समाजवादी खासदार नाथ पै यांनी. त्यांच्यापुढे मालमत्तेच्या हक्काआड दडलेले जमीनदार होते, लोकांच्या सार्वभौमत्वाचा विचार होता, आणि नाथ पैंच्या लोकशाहीनिष्ठेविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नाही. पण ते विधेयक संमत होण्यापूर्वीच लोकसभा विसर्जित झाली, १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले, आणि त्याच वर्षी इंदिरा गांधींनी २४ व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार मिळवला. पाच वर्षांनी त्या अधिकाराने ४२ वी घटनादुरुस्ती घडवली. सज्जनाने सद्धेतूने तयार केलेली किल्ली पुढे कोणाच्या हाती जाईल, याचा विचार सज्जनानेच करावयाचा असतो. हा धडा राजापूरने देशाला दिला आहे. तो शिकवण्याचा पहिला अधिकार समाजवाद्यांचा, आणि पहिली जबाबदारीही त्यांचीच.

नाथ पैंच्या जागी १९७१ साली मधु दंडवते निवडून आले. २६ जून १९७५ रोजी त्यांना बंगळूर येथे अटक झाली. त्यांच्याबरोबर अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही होते. या स्थानबद्धांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. देशभरच्या अशा अर्जांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी लावला. आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे पाचांपैकी चार न्यायमूर्ती म्हणाले. एकटे ह. रा. खन्ना नाही म्हणाले आणि त्याची किंमत म्हणून सरन्यायाधीशपदाला मुकले. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे म्हटले ते ऑगस्ट २०१७ मध्ये. दुरुस्तीला ४१ वर्षे लागली.

जनता सरकारने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत, ही तिची देणगी मोलाची आहे. पण त्याच दुरुस्तीचे तिसरे कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेला लगाम घालणारे होते. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणावयाची आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनुसार नेमावयाचे, अशी ती तरतूद. हे कलम अंमलात आणण्यासाठी संसदेच्या मताचीही गरज नव्हती. राजपत्रात एक अधिसूचना प्रसिद्ध केली की काम झाले असते. ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. जनता सरकारने ती काढली नाही. काँग्रेसने काढली नाही, हे तर ओघानेच आले. १९८१ च्या डिसेंबरात ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारला तसा आदेश देता येत नाही, असे सांगितले. १९८९ च्या सरकारात दंडवते अर्थमंत्री होते. तेव्हाही ती निघाली नाही. पुढे बंगळूरच्या तुरुंगातले वाजपेयी पंतप्रधान आणि अडवाणी गृहमंत्री झाले, सहा वर्षे राहिले. तरीही ती निघाली नाही. दरवर्षी २५ जूनला आणीबाणीच्या नावाने छाती पिटणाऱ्यांना हा एकच प्रश्न विचारला पाहिजे: ती अधिसूचना कोठे आहे? समाजवाद्यांनी तो प्रश्न आरशापुढे उभे राहूनही विचारावा.

आक्षेप आणि उत्तरे

शाळेत हे सर्व शिकवावे असे म्हटले, की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप, मुलांना राजकारणात ओढू नये. ओढू नयेच. कोणाला मत द्यावे हे शिक्षकाने सांगू नये, प्रकल्प हवा की नको हेही सांगू नये. पण अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे सांगणे म्हणजे राजकारण नव्हे. तो संविधानाचा २२ वा अनुच्छेद आहे. बारसूच्या रस्त्यावर ज्या मुलाने आपल्या आईला पोलिसांच्या गाडीत चढवलेले पाहिले असेल, त्याच्यापुढे राजकारण आधीच येऊन उभे राहिलेले असते. शाळेने त्याला निदान संविधान तरी द्यावे.

दुसरा आक्षेप, आधी कर्तव्ये शिकवा, मग हक्क. मूलभूत कर्तव्ये संविधानात घालण्यात आली ती १९७६ साली, आणीबाणीत, अनेक विरोधी नेते तुरुंगात असताना. याचा अर्थ ती कर्तव्ये वाईट आहेत असा नव्हे. पण हक्कापुढे कर्तव्याची अट घालण्याची बुद्धी सत्तेला कोणत्या ऋतूत होते, हे त्यातून कळते. केरळातल्या तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही, धार्मिक श्रद्धेमुळे ते गाण्यास नकार दिला, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्या मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. हक्क मोठ्या माणसांचेच असतात, असे समजणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या खोलीत बिजो इमॅन्युएल खटल्याचा हा निकाल असला पाहिजे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाट्याला जमावाने पोलीस ठाणे फोडले, मग जमावबंदी चूक कशी? पोलीस ठाण्यावर हल्ला करणे हा गुन्हा आहे, आणि लोकशाही समाजवादी त्याचे समर्थन करीत नाहीत. गुन्हा करणाऱ्यावर खटला भरावा, पुरावा आणावा, शिक्षा द्यावी. परंतु काही जणांच्या संभाव्य गुन्ह्यासाठी सबंध तालुक्याच्या हक्कांना कुलूप घालणे ही शिक्षाच आहे, आणि ती खटल्याशिवायची शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात, काश्मीरच्या संदर्भात, कलम १४४ विषयी स्पष्ट बजावले: लोकशाहीतील मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे दिली पाहिजेत, आणि तोच हुकूम पुनःपुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. पंधरवड्याला निघणाऱ्या मनाई आदेशांना हीच कसोटी का लावू नये, याचे उत्तर शासनाने द्यावे.

कार्यकर्त्यांचे काम

१९६८ च्या नोव्हेंबरात मधु लिमये यांना बिहारात लखीसराय स्थानकावर मनाई हुकूम मोडल्याबद्दल अटक झाली. पुण्यात जन्मलेला आणि मुंगेरमधून निवडून गेलेला हा समाजवादी खासदार. त्यांनी तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि आपली बाजू स्वतः मांडली. अटकेची कारणे सांगितलेली नाहीत, म्हणून २२ व्या अनुच्छेदाचा भंग झाला आहे, एवढाच त्यांचा रोख होता. आणि न्यायालयाने त्यांची सुटका केली. त्याच अनुच्छेदावर मे २०२४ मध्ये पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांची अटक बेकायदा ठरली. लिमये वकिली करणारे नव्हते. त्यांनी संविधान वाचले होते आणि ते आपल्यासाठी लिहिले आहे अशी त्यांची खात्री होती. नागरिकशास्त्राचा हेतू याहून वेगळा काय असू शकतो?

हे शिक्षण सरकार देईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. विधानसभेत ते आवाजी मतदानाने झाले. प्रस्थापित कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे वा तिचा उपदेश करणे, हेही त्यातील ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत येते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तो प्रस्थापित कायद्याची अवज्ञाच होता, आणि त्याची हकिगत अभिमानाने सांगितली जाते. ज्या विधिमंडळाला ही विसंगती खटकली नाही, ते मुलांना सत्याग्रहाचा अर्थ शिकवील ही आशा व्यर्थ आहे.

शिक्षकांना दोष देऊन हात झटकणेही योग्य नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील शिक्षक वर्तणुकीच्या नियमांनी बांधलेले आहेत, आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची सरकारी कामे त्यांच्या माथी आहेत. त्यांच्या मदतीला कोणी तरी गेले पाहिजे. राजापूर, गुहागर, दापोली, रत्नागिरी येथे पक्षाचे आणि सेवा दलाचे कार्यकर्ते आहेत, वकील मित्र आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत गावोगावी आठवी ते दहावीच्या मुलांचे चार दिवसांचे वर्ग घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. यासाठी जाड ग्रंथ लागत नाहीत. संविधानाची एक प्रत आणि जिल्ह्यात निघालेला ताजा मनाई आदेश, एवढे साहित्य पुरे. आदेश मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांच्याकडून पाच उत्तरे काढून घ्यावीत. हुकूम कोणी काढला? कोणत्या कलमाखाली? कारण काय दिले आहे? मुदत किती? आणि याआधीचा हुकूम केव्हा संपला होता? पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधून काढले, म्हणजे मूलभूत हक्कांचे प्रकरण त्यांना पुन्हा शिकवावे लागणार नाही.

मग त्यांना थिबा राजवाड्यावर न्यावे. छत दाखवावे, काचा दाखवाव्यात, खाडी दाखवावी. आणि खिडकीत बसून त्या खाडीकडे पाहणाऱ्या माणसाने कोणत्या न्यायालयात जावयाचे होते, हे त्यांनाच विचारावे.